माठाशेजारचा फोन

आमच्या घरात माठाशेजारी काय असतं? पेला, ओगराळं, फार तर अर्धं लिंबू. गेल्या वर्षी मात्र एप्रिलपासून जुलैपर्यंत तिथं एक स्मार्टफोन होता. ओल्या फडक्यावर उताणा निजवलेला. आलागेला विचारायचा, "हा इथं का ठेवलाय?" मी सांगायचे, "ताप आलाय त्याला." लोकांना वाटायचं, सून सासूच्या फोनची टिंगल करते. टिंगल कसली डोंबलाची! खरंच तापायचा तो. हातात घेतला की तव्यावरची पोळी उचलल्यासारखं या हातातून त्या हातात करावं लागायचं.

फोन माझ्या सासूबाईंचा. लताबाई गांगुर्डे, मूळच्या चांदवडच्या, आता नाशकात सिडकोत आमच्याजवळ. आमच्याजवळ म्हणजे खरं तर आम्हीच त्यांच्याजवळ, कारण घर त्यांचं आणि आवाजही त्यांचाच. पस्तीस वर्षं अंगणवाडीत गेली. संध्याकाळी साक्षरतेचे वर्ग घ्यायच्या, बायाबापड्यांना सांगायच्या, "अंगठा नको, सही शिका." हे सगळं करता करता एक नाद लागला, तो म्हणजे लग्नं जुळवायचा. निवृत्त झाल्यावर तर काय, मोकळं रान! रविवारी आमच्या दाराशी चपलांचा ढीग बघून नवीन शेजाऱ्यांना वाटायचं, इथं कसला तरी क्लास चालतो.

पैशाला त्या हात लावत नाहीत. नारळ आणि ब्लाउजपीस, संपलं. पण काम मात्र चोख. बायोडेटावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "कागदावर सगळेच गोरे आणि मनमिळाऊ," म्हणतात. त्यांची तऱ्हा वेगळी. मुलाच्या घरी न सांगता जायचं, उन्हातून आल्यासारखं करायचं आणि पाणी मागायचं. पाणी कोण आणून देतं, ते बघायचं. मुलगा उठला तर पुढची बोलणी. मुलगा बसून राहिला आणि म्हाताऱ्या आईला हाक मारली, तर मुकाट्यानं पाणी पिऊन परत. अशी त्यांनी कित्येक चांगल्या पगाराची स्थळं पाण्यात घालवलीत.

दुसरी गोष्ट म्हणजे खरं बोलणं. "लग्नात मीठ कमी चालंल, खोटं नाय चालायचं," हे त्यांचं वाक्य नाशिक जिल्ह्यात पाठ आहे. दोन्हीकडच्या लोकांना त्या समोर बसवून विचारतात, "काय झाकायचंय ते मला सांगा. समोरच्याला कधी आणि किती सांगायचं ते मी बघते." मग लोक दबक्या आवाजात सांगतात. मुलीला लहानपणी फिट यायची, मुलाची नोकरी गेलेली आहे, थोरल्या भावाला बाटलीचा नाद आहे. हे बोलणं सुरू झालं की मी चहाचा ट्रे उचलायचा आणि आत जायचं, हा घरचा नियम. तेरा वर्षांत एकदाही मोडला नाही.

या सगळ्याची पूर्वी एक वही होती. एका दिवाळीला माझ्या चुलत सासूबाई आल्या, दुपारी झोप येईना म्हणून वही चाळत बसल्या, आणि गावी जाऊन एका मुलीच्या फिटबद्दल बोलून मोकळ्या झाल्या. ठरलेलं लग्न मोडलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हा दीपकनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना हा फोन आणून दिला. त्यात एक 'तिजोरी' होती. आपण बोलायचं, ते आत साठतं आणि मालकाच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. सासूबाई वही घेऊन चार दिवस गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं त्या फोनला वाचून दाखवलं आणि वही घमेल्यात घालून जाळली. खाली आल्या तेव्हा घसा बसला होता, पण चेहरा खुलला होता. "जन्मभर बायांचा अंगठा सोडवला," म्हणाल्या, "आता बघ, माझ्या सहीला कुत्रं विचारत नाय आणि अंगठ्याला एवढा मान!"

आणि तीन वर्षांनी, ऐन लग्नसराईत, कंपनीचा मेसेज आला.

कंपनीचं नाव मी घेत नाही, बिचारी आधीच पोळलीय. मेसेजमध्ये लिहिलं होतं की या मॉडेलच्या बॅटरीत दोष आहे, फोन तापतो, तापला की स्क्रीन आपोआप चालते. तेव्हा वापर थांबवा, फोन परत करा, बदली नवा फोन फुकट मिळेल. एकतीस जुलैनंतर जुना फोन चार्ज होणार नाही आणि त्याला पुढे कसलाही सपोर्ट मिळणार नाही.

दीपक अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो, त्यामुळे घरात दोष काढायचं खातं त्याचंच. त्यानं मेसेज वाचला आणि म्हणाला, "आई, हा बॉम्ब आहे. उद्याच देऊन टाक."

"आणि तिजोरी?"

"ती त्या फोनमधून बाहेर निघत नाही. दुसऱ्या फोनमध्ये जात नाही. गेली समज."

"गेली तर चांगलंच रे. पण गेली कशावरून? फोन तर त्यांच्या हातात जाणार. उद्या कुणी उघडली तर?"

दीपक मेसेज परत वाचायला लागला. मग सासूबाईंनी थेट कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू, सगळं घर ऐकतंय. पलीकडे राखी नावाची गोड आवाजाची मुलगी.

"बाळा, हा फोन तुमच्याकडं आल्यावर कोण उघडणार?"

"आमचे टेक्निशियन असतात मॅडम."

"कोण? नाव काय त्याचं? कुठला आहे?"

"तसं नाही सांगता येत मॅडम. पण तुमचा डेटा सुरक्षित राहील."

"त्याची आई कुठं राहते ते तुला माहीत नाय, आणि तो सुरक्षित ठेवील म्हणतीस? बरं, पुढं सपोर्ट नाय म्हणजे काय?"

"म्हणजे मॅडम, त्या फोनची जबाबदारी नंतर कंपनीची नसेल."

"मग कुणाची?"

राखी पुन्हा पहिल्यापासून तेच वाक्य वाचायला लागली. सासूबाईंना तिची दया आली असावी. "जाऊ दे, तू तरी काय करशील. लग्न झालं का तुझं?" आमची आरोही, वय वर्षं दहा, हसून हसून गादीवरून खाली पडली. राखीनं बायोडेटा पाठवते असं कबूल केलं, तेव्हाच फोन ठेवला गेला.

तर अशा रीतीनं तो आजारी फोन माठाशेजारी आला. लग्नसराई संपेपर्यंत तर द्यायचाच नाही, असं ठरलं. पंधरा मिनिटं वापरायचा आणि तासभर गारव्याला ठेवायचा. दीपक कपाळाला हात लावून कामावर जायचा.

आता माझं सांगते. तुम्हाला वाटेल हिचं काय मध्येच? मध्येच नाही. त्या फोनची धास्ती सासूबाईंपेक्षा मला जास्त होती.

मी नांदगावची. दीपकचं स्थळ येण्याच्या आधी माझा एक साखरपुडा झाला होता आणि लग्नाला आठ दिवस उरले असताना मोडला होता. मोडला तो मीच. त्या मुलानं बस्त्याच्या दुकानात, चारचौघांसमोर, माझ्या वडिलांना "ए, तू गप बस, तुला काय कळतं" असं म्हटलं होतं. वडील गप्प बसलेही. मी बसले नाही. हातातली साडी गादीवर टाकली आणि म्हटलं, हे लग्न होणार नाही. पुढे वर्षभर गावात काय काय बोललं गेलं ते सोडा. दीपकचं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. "नाशकात कुणाला माहीत नाही. पोरी, तोंड उघडू नको." मी उघडलं नाही. आणि पडले कुठं, तर "मीठ कमी चालंल, खोटं नाय" म्हणणाऱ्या बाईच्या घरात! त्यांनी ते वाक्य म्हटलं की दर वेळी मी काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जायचे. स्वतःच्या सख्ख्या भाच्याचं स्थळ त्यांनी लपवाछपवीवरून मोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. वही माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. त्यात माझं पान असणारच. त्या पानावर काय आहे, हे मला तेरा वर्षं माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

मे महिन्यात घोटीला साखरपुडा होता. मुलगा राकेश, घरची भाताची गिरणी. मुलगी नाशिकची, प्रतिभा नावाची, शाळेत शिक्षिका. जुळवणाऱ्या सासूबाई, म्हणून मानाच्या खुर्चीवर. मी शेजारी. सुपारी फुटायच्या आधी त्यांनी पिशवीतून फोन काढला, अंगठा लावला, काहीतरी बघितलं आणि बंद न करताच परत पिशवीत टाकला. मांडवात ऊन मरणाचं. पिशवी मांडीवर. फोनला आणखी काय पाहिजे?

भटजींनी "मुलाची आई पुढे या" म्हटलं. मांडव शांत झाला. आणि पिशवीतून सासूबाईंचा आवाज आला, कानाला कमी ऐकू येतं म्हणून पुरा मोठा केलेला.

"घोटी. राकेश. मुलगा सोनं आहे. पाणी त्यानंच आणून दिलं. त्याची आई म्हणजे चालतंबोलतं मिरचीचं कांडप. बोलाय लागली की शेजारच्या गल्लीत माणसं शिंकतात. मनानं वाईट नाय. प्रतिभाला आधी सांगणे."

अरे देवा! धरणी फाटली असती तर मी खुर्ची, पिशवी, सासूसकट आत गेले असते. राकेशची आई ताटातली हळद हातात घेऊन तशीच उभी. चेहरा त्या मिरचीसारखाच.

पहिल्यांदा हसली ती राकेशची आजी, आक्काबाई. ऐंशीच्या पुढची म्हातारी, खुर्चीत मुटकुळं करून बसलेली. ती अशी हसली की कवळी हातात धरावी लागली. "आगं बाई, खरं हाय! लय खरं हाय! तीस वर्सं मी शिंकतीया, कुनी मला इचारलं का?" मग राकेशचा बाप हसला, पण तोंड फिरवून. प्रतिभा पोरगी मोठी गुणाची. जागेवरून उठली, होणाऱ्या सासूचा हात धरला आणि म्हणाली, "मला लताताईंनी सगळं आधीच सांगितलंय. मी हो म्हणूनच आलेय. आमची आईसुद्धा अशीच आहे, मला मिरचीची सवय आहे." प्रतिभाची आई तिकडून ओरडली, "ए, मी कधी गं?" आणि मग कांडपालाही हसू आवरेना.

सगळा मांडव हसत होता आणि इकडे पिशवी पुढे बोलायला लागली. "निफाड. मुलीला..." सासूबाई पिशवीत हात घालत होत्या आणि चटका बसून बाहेर काढत होत्या. मी फोन पदरात धरला, बाजूचं बटण दाबून धरलं, तेव्हा कुठं तो विझला. दोनच शब्द. हसण्यात कुणी ऐकले नाहीत.

परतीच्या एसटीत मी अजून हसत होते. सासूबाई नाही. पाथर्डी फाट्याजवळ त्यांनी पिशवीचा बंद घट्ट बांधला. मग म्हणाल्या, "आज मिरची होती म्हणून भागलं गं. तिसरा शब्द वाजला असता तर एका पोरीचा बसलेला संसार उठला असता. तिचा नवरा त्याच मांडवात बसला होता." एवढी खमकी बाई, पण त्या दिवशी मला ती म्हातारी दिसली आणि वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "तिजोरी रिकामी करायची."

दीपक खूश झाला. "आण इकडे. 'सगळं पुसा' असं बटण असतं. एका सेकंदात होतं."

"हात नको लावू!" सासूबाई कडाडल्या. "लोकांनी ठेवायला दिलंय ते. शेजारणीनं पातेलं ठेवायला दिलं तर तू तिला न विचारता भंगारात घालशील?"

"अगं आई, पण तीनशेच्या वर आहेत!"

"मग तीनशेच्या वर फोन करीन. त्या फोनच्या कंपनीला सपोर्ट जमत नसंल, मला जमतो."

आणि सुरू झालं एकदाचं. रोज दुपारी गच्चीवर टाकीच्या सावलीत चटई. एका हाताला आजारी फोन ओल्या फडक्यावर, दुसऱ्या हाताला माझा फोन, कामावर जाताना मी मुद्दाम ठेवून जायचे तो. आजाऱ्यावर एक नोंद ऐकायची, माझ्या फोनवरून त्या घरी बोलायचं, त्यांचं हो आलं की पुसायची. पंधरा मिनिटांनी आरोही पळत येऊन पेशंटला माठाशेजारी न्यायची. पाऊस सुरू झाल्यावर मुक्काम जिन्याच्या खोलीत हलला. मी कॉलेजच्या ऑफिसातून पाचला घरी यायचे, तोवर निम्मं बोलणं उरकलेलं असायचं. उरलेलं कानावर पडायचं, तेही फक्त सासूबाईंच्या बाजूचं.

"लताताई बोलतेय. तुमचं माझ्याजवळ एक ठेवलेलं आहे, ते टाकून देऊ का?... काय म्हणजे काय? तुम्हालाच आठवत नाय? मग मी कशाला आठवू! टाकते." फोन ठेवून पोट धरून हसायच्या. "उज्वला, या माणसानं लेकाच्या डोक्यावर केसांचा टोप आहे म्हणून माझ्यासमोर रडून घेतलं होतं गं! आता म्हणतो काय, कशाबद्दल बोलताय?" नाव सांगायच्या नाहीत, गाव सांगायच्या नाहीत. पण एवढं कळलं की ज्यासाठी लोकांच्या झोपा उडाल्या होत्या, त्यातलं बरंचसं आता त्यांच्या गावीही नव्हतं. काही घरांत मात्र अजून दुखत होतं. तिथं सासूबाई अर्धा अर्धा तास नुसत्या "हं... हं" करत ऐकायच्या आणि खाली येऊन गुमान भाजी निवडायला बसायच्या. निफाडला फोन केला त्या दिवशी तर मोठ्यानं म्हणाल्या, "तिनं नवऱ्याला सांगितलंय! स्वतःच सांगितलंय! आपणच उगीच धास्तावलो." आणि आरोहीला आइस्क्रीमला पैसे दिले, दोन कोनचे.

रोज संध्याकाळी त्या आकडा सांगायच्या. दीडशे राहिले. नव्वद राहिले. घर आनंदात आणि माझा जीव टांगणीला. नव्वदात मी असेन का? चाळिसात? एका दुपारी तर सुट्टी होती, घरात कुणी नव्हतं, आणि फोन माठाशेजारी निजलेला होता. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. माझा अंगठा लावून पाहिला, खोटं कशाला बोलू. त्यानं ओळख दाखवली नाही. मी पेलाभर पाणी प्यायले आणि तोंड धुतलं.

एकतीस जुलै उजाडला. संध्याकाळी पाऊस उघडला होता. मी पर्स ठेवते न ठेवते तोच जिन्यावरून हाक आली, "उज्वला, वर ये गं. फडकं ओलं करून आण."

वर गेले. सासूबाई चटईवर बसलेल्या, समोर फोन.

"एक राहिलंय," म्हणाल्या. "या बाईला विचारायचं राहिलंय."

अंगठा लावला, फोन फडक्यावर ठेवला, फडकं माझ्या हातात दिलं आणि स्वतः उठून दोरीवरचे कपडे काढायला गच्चीत गेल्या. कपडे ओलेच होते. तरी काढत बसल्या.

मी दाबलं.

"नांदगाव. उज्वला. बी.कॉम. आपल्या दीपकसाठी. मुलीचा साखरपुडा मोडलेला आहे. बापानं सांगितलं नाही, बांगडीवालीकडून कळलं. मुलीनं स्वतः मोडला. मुलगा बापाला चारचौघांत अरेतुरे बोलला म्हणून भर दुकानातून उठून गेली. अशी पाहिजे. दीपकचे दोष बापाला सांगितले: बारावीला एकदा नापास, घोरतो, ओला टॉवेल गादीवर टाकतो. बाप म्हणाला, मुलीला सांगतो. मुलीला काही विचारायचं नाही. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तोवर आपल्याला माहीत नाही."

मी तिथंच खाली बसले. आधी रडू आलं आणि मग असा राग आला की विचारू नका.

"तेरा वर्षं!" मी ओरडले. "तेरा वर्षं तुम्हाला माहीत होतं? आणि मी इकडे रोज मरत होते! एक शब्द बोलला नाहीत?"

सासूबाई ओली चादर हातात घेऊन दारात आल्या. "तू बोललीस का?"

"तुमचं ते मीठ! रोज उठून मीठ कमी चालेल, मीठ कमी चालेल! मी कशी बोलणार?"

त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. चादर तशीच कठड्यावर टाकली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. "हे माझ्या डोक्यातच नाय आलं गं," म्हणाल्या. "मला वाटायचं, मी दार उघडं ठेवलंय. तुला आतून कडी दिसत होती, हे मला कुठं माहीत. चुकलं माझं."

सासू चुकलं म्हणाल्यावर भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी नाक पुसलं. "आणि तो टॉवेल! बाबांनी मला अक्षरही सांगितलं नाही हो. घोरण्याचंसुद्धा नाही!"

"बघ, म्हणजे खोटं तुझ्या बापानं दोन्हीकडून केलं," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून दीपकनं विचारलं, काय झालं.

हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता सांग."

"काय सांगू? तुम्हाला माहीत आहे सगळं."

"ते बांगडीवालीचं. तुझं कुठं ऐकलंय?"

मग मी सांगितलं. बस्त्याचं दुकान, ती मोरपंखी साडी, वडिलांचा खाली गेलेला चेहरा, घरी येताना आम्ही दोघं रिक्षात एक शब्दही न बोलता बसलो होतो ते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्या ऐकत होत्या, अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या. मधूनमधून विचारत होत्या, "मग? मग तू काय म्हणालीस?"

सांगून संपलं तेव्हा फोन पार तापला होता. "पुसू का?" मी विचारलं.

"तुझं आहे. तुला विचारायला पाहिजे ना?"

मी पुसलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर दीपकलाही सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं मोडलंस," आणि दहा मिनिटांत घोरायला लागला.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस जाड खोका आणि हातमोजे घेऊन आला. त्यानं तो फोन असा उचलला की जणू काही विंचू आहे. आरोहीनं टाटा केला. माठाशेजारी फडक्याचा ओला चौकोन तेवढा राहिला.

नवा फोन आला. चकचकीत, थंड. त्यातही तिजोरी होती, पहिलीपेक्षा मोठी. दीपकनं अंगठा नोंदवून दिला, सगळं समजावलं. सासूबाई "हं, हं" म्हणाल्या आणि आरोहीला त्यावर गाणी ऐकायला दिली.

गणपतीच्या आधीच्या रविवारी चांदवडहून एक बाई आल्या. मुलीचा बायोडेटा दिला, पाणी प्यायल्या, आणि मग आवाज खाली आला. "ताई, एक सांगायचं होतं. पण लिहून नका घेऊ. फोनमध्येबी नको."

सासूबाईंनी नवा फोन उचलला, उठून माठाशेजारी नेऊन ठेवला आणि परत येऊन बसल्या. "बोला."

मी सवयीनं चहाचा ट्रे उचलला आणि आत निघाले.

"उज्वला, तू कुठं निघालीस? बस इथं."

बाई चपापल्या. माझ्याकडे बघायला लागल्या.

"ही माझी सून," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "मला आता विसरायला होतं, आणि फोनचं तर तुम्ही बघताच, तीन वर्षं टिकत नाय. हिचं तसं नाय. हिनं एक गोष्ट तेरा वर्षं पोटात ठेवली, नवऱ्याला पत्ता लागू दिला नाय. बोला तुम्ही."

मी ट्रे मांडीवर घेऊन खाली बसले. बाईंनी एकदा सासूबाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सांगायला सुरुवात केली.